बिनआमेनचा भाऊ

तपासनिसांची चूक एवढीच झाली, की सोमवारी सकाळी चहा पिताना त्यांनी आक्काने ग्रुपवर टाकलेला मजकूर शेवटपर्यंत वाचला.

असले मजकूर वाचायचे नसतात. वरचं चित्र बघायचं, खाली ‘आमेन’ लिहायचं आणि कप विसळायला न्यायचा, अशी चर्चच्या साऱ्या मंडळीची रीत पडून गेली होती. पण सव्वीस वर्षं पाणीखात्याच्या वर्कशॉपमध्ये पाण्याचे मीटर तपासणाऱ्या माणसाला ते जमत नाही. बाकावर दहा मीटर ओळीने बसवायचे, त्यांतून मोजून शंभर लिटर पाणी सोडायचं, आकडा काय दाखवतो ते बघायचं, आणि बरोबर निघेल त्यालाच तार ओवून शिशाचं सील मारायचं, हे त्यांचं काम. न तपासता सील मारायचं म्हटलं की त्यांच्या बोटांना मुंग्या यायच्या.

त्या दिवशीच्या चित्रात उगवत्या सूर्यासमोर एक मेंढी गुडघे टेकून बसली होती. खाली लिहिलं होतं: ‘तुम्हाला प्रभूची लाज वाटते का? शंभरातले सत्त्याण्णव लोक हे चित्र पाहून पुढे जातील. फक्त तिघं थांबतील. तुम्ही त्या तिघांतले असाल तर आमेन लिहा आणि दहा जणांना पाठवा. नसाल, तर न्यायाच्या दिवशी तोही तुम्हाला ओळखणार नाही.’

हे सत्त्याण्णव कोणी मोजले, असा प्रश्न तपासनिसांना पडला. ग्रुपात दोनशे चौदा माणसं. त्यांतले शेकडा तीन म्हणजे सहा माणसं आणि वर एक हात. आणि इथे तर सव्वासातलाच एकशे चाळीस आमेन जमले होते. म्हणजे एकतर हिशेब चुकला होता, नाहीतर मेंढी. या विचारात चहा गार झाला, बस चुकली, आणि आमेन लिहायचा राहिला तो राहिलाच.

दुपारी एकच्या सुमाराला त्यांनी फोन पाहिला. आक्काचे सात फोन येऊन गेले होते. आठवा त्यांच्या हातातच वाजला.

“छोट्या, तुझं नाव नाही.”

तपासनीस चोपन्न वर्षांचे होते आणि त्यांच्या हाताखाली अकरा माणसं होती. तरी आक्काचा ‘छोट्या’ कानावर आला की ते खुर्चीतून अर्धे उठायचे. आई गेली तेव्हा ते सहा वर्षांचे होते आणि आक्का पंधराची. त्यांचं नाक पुसण्यापासून त्यांना कामाला लावण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. पुढे ती सरकारी इस्पितळात मेट्रन झाली, चाळीस खाटांचा वॉर्ड तिच्या पावलांच्या आवाजाने सरळ व्हायचा. निवृत्त झाल्यावर आणि मग दाजी गेल्यावर तिने हा ग्रुप काढला. नाव ‘निर्भय साक्षीदार’.

“कशात नाव नाही?” तपासनिसांनी विचारलं.

“आमेनमध्ये.”

“अगं, कामात होतो.”

“प्रभूपेक्षा मोठं काम कसलं रे तुझं?”

“शंभर लिटर सोडलेत. आकडा वाचायचा राहिलाय.”

“मग वाच, आणि लिही.”

त्यांनी आकडा वाचला. मीटर चार लिटर जास्त दाखवत होता. तो खोलावा लागला, आत गाळ निघाला, आणि आमेन पुन्हा राहिला.

संध्याकाळी ग्रुपवर यादी आली. आक्काने ज्यांनी लिहिलं त्यांच्यापुढे बरोबरची खूण केली होती आणि खाली ‘प्रतीक्षेत’ असा मथळा देऊन तीन नावं लावली होती. पहिले गेल्या वर्षी वारलेले मंडळीचे माजी सचिव. त्यांचा नंबर ग्रुपमधून काढायचा राहून गेला होता. दुसरे जबडा मोडून तारा बांधलेले एक गृहस्थ. आणि तिसरे तपासनीस. रात्रीच्या जेवणाआधी जबडेवाल्यांनी अंगठा पाठवला, तो धरण्यात आला. आणि माजी सचिवांचा फोन आता त्यांची सून वापरत होती; तिने घाबरून सासऱ्यांच्या नावाने आमेन लिहून टाकला. म्हणजे वारलेला माणूसही साक्ष देऊन मोकळा झाला आणि यादीत एकटे तपासनीस उरले.

“तीन अक्षरं आहेत,” बायको म्हणाली. “लिहा आणि मोकळे व्हा.”

“प्रश्न अक्षरांचा नाही.”

“मग कशाचा आहे?”

ते त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. सोमवारी सकाळी लिहिलं असतं, तर ती तीन अक्षरंच होती. आता दोनशे तेरा माणसं बघत असताना लिहायचं म्हणजे कान धरून लिहून घेतल्यासारखं. आणि न लिहायचं म्हणजे नास्तिक ठरायचं. वास्तविक तपासनीस रोज प्रार्थना करत. घरात कडी लागणारी खोली एकच, ती म्हणजे न्हाणीघर. तिथे बादली भरेपर्यंत उभ्याउभ्या, हळू आवाजात, बायको, मुलगी, आक्का आणि वर्कशॉपमधले अकराही जण असे एकेकाला घेत. शेवटी आमेनही म्हणत. पण तो कुणी मोजलेला नव्हता.

मंगळवारी सकाळी आक्काने प्रार्थनेची विनंती टाकली: ‘एका भावाचं हृदय कठीण झालं आहे. त्याचं नाव मी सांगत नाही. तो पाणीखात्यात आहे.’

दुपारपर्यंत एकशे नव्वद माणसांनी तपासनिसांच्या हृदयासाठी हात जोडले. काही जणांनी विनंती घाईत वाचली असावी, कारण तिघांनी कोणत्या डॉक्टरांचे औषध चालू आहे अशी चौकशी केली. एका दूरच्या मावसभावाने दहा वर्षांनी फोन करून सांगितलं, “जिने चढू नका.” बायको ऑफिसातून आली तीच तोंड पाडून, तिच्या हातात कोणीतरी फळांची पिशवी दिली होती.

“वन्संना सांगा काहीतरी,” ती म्हणाली. “लोक माझ्याशी तुमच्याबद्दल भूतकाळात बोलायला लागलेत.”

बुधवारी चर्चचे पाळकसाहेब घरी आले. वयाने लहान, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. खुर्चीत बसले ते पाठ टेकूनच. तपासनिसांना वाटलं, आता उपदेश होणार. पण पाळकसाहेब चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणाले, “मी एकूण नऊ ग्रुपांत आहे. आज सकाळपासून एकतीस आमेन लिहिले. त्यातला एक बहुतेक जाहिरातीखाली गेला, गाद्यांच्या.”

“मग मी काय करू, साहेब?”

“धर्माच्या दृष्टीने विचाराल तर तुमच्यावर कसलीही सक्ती नाही.” पाळकसाहेबांनी दाराकडे पाहून आवाज खाली घेतला. “पण आक्कांच्या दृष्टीने विचाराल, तर लिहा.”

खालच्या मजल्यावर कोर्टातले निवृत्त पेशकार राहत. त्यांचा या धर्माशी काही संबंध नव्हता, पण कागदाशी फार होता. त्यांना जिन्यात सगळं कळलं होतं. ते वर आले, चष्मा लावून त्यांनी मूळ मजकूर, यादी आणि प्रार्थनेची विनंती असं क्रमाने वाचलं आणि म्हणाले, “नुसता आमेन देऊ नका. पुढे दाखला होतो. असं लिहा: सदर आमेन हा लिहून देणाऱ्याने स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय, शुद्धीत असताना दिला असून, यामुळे यापुढील कोणत्याही चित्राखाली आमेन देण्याचे बंधन उत्पन्न होत नाही.”

“हे प्रभूला लिहायचं?” बायकोने विचारलं.

“प्रभूला प्रत द्यायची,” पेशकार म्हणाले. “मूळ बहिणीला.”

गुरुवारी दुपारी तपासनिसांनी हार मानली. अभिमान किती दिवस पोसायचा, त्यालाही खायला लागतं. मीटर बाकावर लावलेले होते, हात ओले होते, चष्मा दुसऱ्या टोकाला वहीवर पडला होता. त्यांनी पँटला हात पुसले, फोन काढला, सगळ्यांत वर दिसला तो ग्रुप उघडला, ‘आमेन’ लिहिलं आणि पाठवलं. एक मोठा श्वास सोडला. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांना हलकं वाटलं. ते पुढची दहा मिनिटं टिकलं.

सगळ्यांत वर दिसला तो ग्रुप खात्याचा होता. त्यात मिनिटभरापूर्वी कार्यकारी अभियंत्यांनी सूचना टाकली होती: ‘मुख्य जलवाहिनी फुटल्याने शहराच्या पूर्व भागाचा पाणीपुरवठा पुढील चार दिवस पूर्णपणे बंद राहील.’

त्याखाली तपासनिसांचा आमेन.

त्यांनी तो पुसेपर्यंत कोणीतरी त्याचा फोटो काढून पुढे पाठवला होता. पूर्व भागातल्या रहिवाशांच्या ग्रुपांवर तो संध्याकाळपर्यंत फिरला. कुणी लिहिलं, ‘खात्याने आशा सोडली.’ कुणी लिहिलं, ‘निदान कोणीतरी खरं बोललं.’ एका वृद्ध गृहस्थांनी वर्कशॉपला फोन करून विचारलं, की पाणी चार दिवसांनी येणार आहे की प्रभूच्या दुसऱ्या येण्याच्या वेळी.

शुक्रवारी तपासनिसांच्या टेबलावर लखोटा होता. ‘कार्यालयीन सूचनेखाली धार्मिक स्वरूपाचा शब्द प्रसारित करून खात्याची प्रतिमा मलिन केल्याबद्दल आपणाविरुद्ध कारवाई का करू नये, याचे कारण दाखवावे.’ सोबत तीन प्रतींत भरायचा तक्ता. रकाना पहिला: शब्द. दुसरा: शब्दाचा अर्थ. तिसरा: शब्द वापरण्यापूर्वी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेतली होती काय, असल्यास जावक क्रमांक.

सव्वीस वर्षांत त्यांना असा लखोटा आला नव्हता. बाथरूममध्ये जाऊन त्यांनी तोंडावर पाणी मारलं. मग बसून, अक्षर चांगलं काढून, दुसऱ्या रकान्यात लिहिलं: ‘असेच होवो.’

कार्यकारी अभियंता साहेबांनी तक्ता वाचला. “म्हणजे पाणी बंदच राहो, अशी तुमची इच्छा होती?”

“नाही साहेब.”

“अर्थ तर तोच निघतो.”

“तो दुसरीकडे लिहायचा होता, साहेब. बहिणीच्या ग्रुपवर.”

“तिथे काय बंद होणार होतं?”

“तिथे मेंढी होती, साहेब.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. जलवाहिनी फुटल्यापासून त्यांना झोप नव्हती आणि त्यांच्याही फोनमध्ये असलेच पंधरा ग्रुप होते. देव वेगळा, दटावणी तीच. त्यांनी तक्त्यावर ‘अनवधानाने’ असा शेरा मारला. “कार्यालयाच्या ग्रुपवर यापुढे फक्त ‘नोंद घेतली’ एवढंच लिहायचं,” ते म्हणाले. “कोणी मेलं तरी. जा.”

प्रकरण इथे मिटायला हवं होतं. पण त्या आमेनचा फोटो फिरत फिरत, मागोमाग नोटिशीची बातमी घेऊन, निर्भय साक्षीदारांपर्यंत पोचला होता, आणि आक्काला तो जसा दिसला, तसा साहेबांना दिसला नव्हता. शनिवारी सकाळी तपासनिसांनी फोन उघडला, तो समोर ते स्वतः. ओळखपत्रावरचा जुना फोटो, पोलिसांनी पकडून आणल्यासारखा चेहरा, पाठीमागे ज्वाळा, दोन्ही खांद्यांवर एकेक कबुतर. खाली लिहिलं होतं: ‘माझ्या भावाने सरकारी कचेरीत, वरिष्ठांसमोर, निर्भयपणे साक्ष दिली! त्याला नोटीस आली, तरी तो डगमगला नाही! तो नोकरीची पर्वा करत नाही, आणि तुम्हाला एक आमेन लिहायला जड जातं? आज कोण त्याच्या बाजूला आहे ते दिसेल.’

तपासनीस पलंगाच्या कडेला बसून राहिले. नास्तिक होते तेव्हा बरं होतं, असं त्यांना वाटलं. नास्तिकाचं चित्र कोणी काढत नाही.

त्यांनी आक्काला फोन केला. ती ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. “मला माहीत होतं रे! शेवटी माझ्या हाताखाली वाढलास. उद्या उपासनेत तुझी साक्ष आहे, पाळकसाहेबांना मी सांगितलंय. आणि निळा सदरा घाल, चित्रात तुझा रंग फार काळवंडलाय.”

ते चित्र पुढे कुठवर गेलं त्याला सीमा नाही. आजही कुठल्यातरी गावी कोणीतरी सकाळच्या चहाबरोबर तपासनिसांच्या छळाबद्दल हळहळत असेल.

दुपारी दाराची घंटा वाजली. आणखी कोणी फळं घेऊन आलं असणार, म्हणून तपासनीस पुढे झाले. दारात चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाई उभ्या होत्या. चाळिशीच्या, एकट्या राहणाऱ्या, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. अकरा वर्षं त्यांची पाठच तेवढी मंडळीला माहीत होती. त्या आत येईनात.

“मी दोन मिनिटंच आले,” त्या म्हणाल्या. “मी तुमच्या चित्राखाली आमेन लिहिलेला नाही. तुम्हाला वाईट वाटलं असेल तर माफ करा.”

“अहो, मला कशाला वाईट वाटेल?”

“आक्कांनी यादी लावलीय. त्यात मी एकटीच आहे. खाली लिहिलंय, जी बोटं आमेन लिहीत नाहीत ती देवाच्या घरात वाजवणार कशी?” त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “पाच आठवड्यांपूर्वी माझी आई गेली. भावाकडे असायची, दुसऱ्या गावी. मी जाऊन आले, कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून मला लिहवत नाही; मेंढीखाली कसाबसा लिहिला, आता तेही होईना. प्रार्थना करायला बसले की तोंडातून शब्द येत नाही. वाजवता तेवढं येतं. म्हणून विचारायला आले, की उद्यापासून येऊ नको का?”

“या हो. जरूर या,” तपासनीस म्हणाले. बाईंनी मान हलवली आणि त्या जिना उतरून गेल्या. तपासनीस दारातच उभे होते. स्वतःची एवढी फजिती झाली तरी त्यांना राग आला नव्हता. फक्त कंटाळा आला होता. आता मात्र राग आला. आपल्या चेहऱ्याखाली, आपल्या कबुतरांखाली, एका दुःखातल्या बाईला भिंतीशी उभं केलं होतं.

रविवारी ऑर्गनसमोरचं स्टूल रिकामं होतं. मंडळी वाद्यावाचून गायला लागली. पुरुष एका पट्टीत, बायका दुसऱ्या, आणि शेवटचं कडवं तर दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या वेळी संपवलं. मग पाळकसाहेबांनी खाली बघत तपासनिसांना पुढे बोलावलं. पहिल्या रांगेत आक्का फोन उभा धरून चित्रीकरणाला सज्ज होती.

तपासनिसांना भाषण येत नसे.

“तो आमेन चुकून गेला,” ते म्हणाले. “चष्मा लावलेला नव्हता. तो आक्काच्या मेंढीखाली लिहायचा होता, तो पाणीकपातीखाली पडला. माझा छळ वगैरे काही झाला नाही. एक तक्ता भरायला लावला, तीन प्रतींत. साहेब चांगले वागले.” मागच्या बाकावर कोणीतरी हसू खोकल्यात लपवलं. “आणि मेंढीखालीसुद्धा मी मनापासून लिहिणार नव्हतो. आक्काच्या भीतीने लिहिणार होतो. मला वाटतं, इथे बरेच जण तसेच लिहितात. माझ्या नावाने कुणाकडून आमेन मागू नका, एवढंच सांगायचं होतं.”

कोणी आमेन म्हणालं नाही. म्हणावं की नाही ते कुणाला ठरवता येईना. आक्का उठली, फोन पर्समध्ये टाकला, आणि मधल्या वाटेने ताठ मानेने चालत बाहेर गेली. तिच्या बुटांच्या टाचांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू येत राहिला.

“झालं समाधान?” बायको कुजबुजली. मग त्यांचा चेहरा पाहून म्हणाली, “जा तिच्याकडे. जेवायला थांबत नाही मी.”

आक्काचं घर दोन खोल्यांचं, तळमजल्यावर. पलंगपोसाचे कोपरे अजूनही इस्पितळातल्यासारखे घडी घालून गादीखाली दाबलेले. दार तिने उघडलं आणि लगेच पाठ फिरवून टेबलाशी जाऊन बसली.

“आलास? काही बोलायचं राहिलं असेल तर शेजारच्यांनाही बोलावते. चारचौघांत बोललास की तुला जास्त जमतं.”

“आक्का, ऑर्गनवाल्या बाईंची आई गेली.”

आक्काने मान वर केली. “कधी?”

“पाच आठवडे झाले.”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“तू विचारलं नाहीस. तू आमेन मागितलास.”

टेबलावर एक मोठी वही उघडी होती. तपासनिसांनी ती पहिल्यांदाच पाहिली. तांबड्या आणि निळ्या शाईने रेघा मारलेल्या, डावीकडे दोनशे चौदा नावं, पुढे तारखांचे रकाने, प्रत्येक रकान्यात वेळ. वॉर्डात ताप लिहायचा तक्ता असतो, तसा. काही नावांपुढे बारीक अक्षरात टिपा होत्या: ‘उशिरा उठतात.’ ‘गुरुवारी नाही, दवाखाना?’

आक्काने वही मिटली नाही. ती त्यांच्याकडे न बघता बोलायला लागली. “सकाळी सहा चाळीसला मी फेरीला निघायची. चाळीस खाटा. प्रत्येकाला विचारायची, कसं आहे. कुणी उत्तर दिलं नाही की थांबायचं. मग कळायचं, इथे बघायला पाहिजे.”

“मग ग्रुपवर तसंच विचार ना. कसे आहात म्हणून.”

“विचारलं की.” ती वहीची पानं मागे उलटत गेली. “हे बघ. पहिलं वर्ष. रोज सकाळी, शुभ प्रभात, सगळे कसे आहात. चार उत्तरं. तीन. एक दिवस कुणीच नाही. तुझंही नाही. मग कुणीतरी ते लाजेचं चित्र पाठवलं, मी टाकून पाहिलं. एकशे ऐंशी.” तिने वहीवर बोट ठेवलं. “कसे आहात म्हटलं तर कोणी बोलत नाही रे. लाज वाटते का म्हटलं की सगळी उठून बसतात.”

पहिल्या वर्षीच्या तक्त्यात तपासनिसांनी आपलं नाव शोधलं. त्यापुढे रकान्यांची कोरी ओळ होती, पानभर.

“ती बाई राहते कुठे?” आक्काने विचारलं.

बसचे तीन थांबे आणि दोन जिने. बाईंनी दार उघडलं आणि आक्काला पाहून एक पाऊल मागे घेतलं. आक्का माफी मागेल, असं तपासनिसांना वाटलं होतं. पण माफी मागायची सवय तिला कधी लागलीच नव्हती.

“आई कशाने गेली?” आक्काने उंबऱ्यातूनच विचारलं.

“मूत्रपिंडं निकामी झाली.”

“डायलिसिस?”

“आठवड्यातून दोनदा. शेवटी तीनदा.”

आक्का आत येऊन बसली. “खाटेवर किती दिवस होती?”

“चार महिने. मी महिन्यातले दहा दिवस जायची, सुट्टी काढून.”

“पाठीला जखमा झाल्या?”

बाई थांबल्या. “एक झाली. कमरेच्या खाली, डावीकडे. तिथे असले की मी धुवायची रोज. भाऊ म्हणायचा, हात लावू नकोस, तिला दुखतं. ती ओरडायची. मला अजून तो आवाज येतो. मी तिला उगीच छळलं का, असं वाटतं.”

“कशाने धुवायचीस?”

“सलाइनच्या पाण्याने. मग कोरडं करून पट्टी.”

“कूस बदलायचीस?”

“दर दोन तासांनी.”

“बरोबर केलंस,” आक्का म्हणाली. “मी असते तर तेच केलं असतं. धुतलं नसतं तर दोन महिने आधी गेली असती, आणि फार हालात.”

बाईंनी तोंडावर हात धरला आणि त्या रडायला लागल्या. पाच आठवडे साठलेलं ते रडणं होतं, लवकर आवरणारं नव्हतं. आक्काने आवरायला सांगितलंही नाही. वॉर्डात नातेवाईक रडायचे तेव्हा ती बसायची तशी, गुडघ्यांवर हात ठेवून, ती बसून राहिली. तपासनिसांनी खिडकीकडे तोंड केलं.

“मला प्रार्थना करता येत नाही, आक्का,” बाई शेवटी म्हणाल्या. “खोटं कशाला बोलू? डोळे मिटते आणि समोर काहीच नसतं.”

आक्काने पर्स मांडीवर घेतली.

“मलाही नाही येत,” ती म्हणाली. “तुझे दाजी गेल्यापासून, छोट्या. तीन वर्षं.” हे तिने भावाकडे वळून सांगितलं, जणू कामावर रुजू झाल्याची तारीख सांगावी. “म्हणून तर लोकांकडून लिहून घेते. इतके जण म्हणतायत, म्हणजे तिकडे कोणीतरी ऐकत असेल.”

थोड्या वेळाने बाई उठल्या आणि त्यांनी चहा टाकला. आक्काने बिनसाखरेचा मागितला, मग विचारलं, की शेवटच्या दिवशी आईला शुद्ध होती का, आणि कोणत्या डॉक्टरांनी पाहिलं. बाई सांगत गेल्या. इतके बारीक प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारले नव्हते. तपासनिसांनी आठवडाभरात झोप धड घेतली नव्हती. खुर्चीत त्यांचा डोळा लागला. आक्काने खांद्याला धरून हलवलं तेव्हा उन्हं उतरली होती.

“चल. दोन तास झाले. घोरत होतास.”

निघताना आक्का दारात बाईंना म्हणाली, “यादी काढून टाकते. येत्या रविवारी ये. आज सगळी मंडळी मांजरासारखी ओरडली.”

बसच्या थांब्यावर दोघं बाकावर बसली. आक्काच्या पायाला सूज आली होती, तिने बूट सैल केले.

“उद्या सकाळी मग काय टाकू ग्रुपवर?”

“काही टाकू नकोस.”

“आणि दोनशे माणसं करतील काय?”

“झोपतील, आक्का.”

तिने पर्समधून फोन काढला आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, लिहायला लागली. तपासनिसांचा जीव धसकला. आता आणखी कुठल्या चित्रात आपण निघतो, कोण जाणे. तेवढ्यात त्यांच्या खिशात फोन थरथरला. त्यांनी काढून पाहिलं. ग्रुपवरचं नव्हतं. एकट्या त्यांनाच पाठवलं होतं.

‘घरी पोचलास की कळव.’

त्यांनी शेजारी पाहिलं. दोघांच्या मध्ये फक्त तिची पर्स होती. आक्का रस्त्याकडे बघत होती, बस येते का ते.

त्यांनी लिहिलं, ‘कळवतो.’

तिच्या मांडीवरचा फोन वाजला. तिने तो उचलला, डोळ्यांजवळ धरून वाचला, आणि पर्समध्ये ठेवून दिला.